एकदा चालतं, एकदा ‘इज नॉट डिफाइन्ड’: दूरची स्क्रिप्ट येईपर्यंत फंक्शन कॉल रांगेत ठेवताना

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "बटण कधी चालतं, कधी चालत नाही." आपण आपल्या लॅपटॉपवर दहा वेळा दाबून बघतो, दहाही वेळा चालतं. तक्रार करणाऱ्याचा फोन केबलने लॅपटॉपला जोडून कन्सोल (चुका दाखवणारी ब्राउझरची खिडकी) उघडला की मात्र लाल ओळ समोर येते: ‘अनकॉट रेफरन्सएरर: मोजणी इज नॉट डिफाइन्ड’. पान रिफ्रेश केलं की ती ओळ गायब होते आणि बटण पुन्हा सुरळीत चालतं.

हा बिघाड माझ्याकडे वेगवेगळी नावं घेऊन येतो. कधी नकाशा दिसत नाही, कधी चॅटची खिडकी उघडत नाही, कधी ऑर्डरची नोंद होत नाही. मूळ एकच असतं: आपलं फंक्शन दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येणाऱ्या स्क्रिप्टवर अवलंबून आहे आणि ती स्क्रिप्ट अजून पोचलेली नाही. उपाय जुना आणि पक्का आहे. स्क्रिप्ट येईपर्यंत कॉल, म्हणजे त्या फंक्शनला मारलेल्या हाका, रांगेत ठेवायचे आणि आल्यावर त्याच क्रमाने चालवायचे. पण ही रांग घाईत लावली तर ती स्वतःच नवे बिघाड घेऊन येते, आणि ते आधीच्या बिघाडापेक्षा सापडायला अवघड असतात, कारण आता कन्सोलमध्ये लाल ओळही दिसत नाही. म्हणून जास्त जागा मी त्या बिघाडांना देणार आहे.

कोडबद्दल एक सूचना. खालच्या ओळी देवनागरीत आहेत. त्यांत ‘मोजणी’ हे भेटी आणि ऑर्डरी मोजणाऱ्या बाहेरच्या सेवेच्या फंक्शनचं नाव धरलं आहे. मोजणी, रांग, खरी अशी आपण ठेवलेली नावं जावास्क्रिप्टमध्ये देवनागरीतही चालतात. विंडो, फंक्शन, पुश, शिफ्ट असे भाषेचे स्वतःचे शब्द मात्र एडिटरमध्ये रोमन लिपीतच लिहावे लागतील.

हे ‘कधी कधी’ येतं कुठून

स्क्रिप्टच्या टॅगला (पानातली ‘ही फाइल आण’ सांगणारी खूण) असिंक हा शब्द लावला की ब्राउझर तिच्यासाठी थांबत नाही. ती आली की चालवतो, मग त्या वेळी पान अर्धं वाचून झालेलं असो की पूर्ण. जावास्क्रिप्टमधून टॅग तयार करून पानात घातला, तर असिंक न लिहिताही तो असिंकच धरला जातो. बाहेरच्या सेवा आपल्याला जो तुकडा चिकटवायला देतात, तो बहुतेक असाच टॅग तयार करतो.

त्यामुळे आपला कोड आधी चालेल की त्यांची स्क्रिप्ट आधी येईल, हे नेटवर्क ठरवतं. आपल्या लॅपटॉपवर ती फाइल सकाळपासून कॅशमध्ये (ब्राउझरने जपलेल्या प्रतींत) बसलेली असते, म्हणून ती क्षणात हजर होते. पहिल्यांदा पान उघडणाऱ्या माणसाला, घाटात नेटवर्कची एकच कांडी असताना, तीच फाइल यायला सहा-सात सेकंद लागतात. तेवढ्यात त्याने बटण दाबलेलं असतं. म्हणजे ‘माझ्याकडे चालतंय’ हे आपलं म्हणणं खरं असतं आणि त्याची तक्रारही खरी असते.

आधी बघा, रांग लागते तरी का

दोन्ही स्क्रिप्ट आपल्याच ताब्यात असतील तर रांगेच्या भानगडीत पडू नका. दोन्ही टॅगना डिफर लावा. डिफर लावलेल्या स्क्रिप्ट पानात ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्याच क्रमाने, पान वाचून झाल्यावर चालतात. एवढ्याने काम भागतं. फक्त लक्षात ठेवा की डिफर बाहेरच्या फाइललाच लागू होतं. पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर ते लावलं तरी ब्राउझर त्याकडे दुर्लक्ष करतो. बरेच जण इथेच अडकतात.

स्क्रिप्ट दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल तर डिफरचा दुसरा तोटा आहे. डिफरच्या सगळ्या फाइल येऊन चालेपर्यंत ‘डॉम-कंटेंट-लोडेड’ हा ‘पान वाचून झालं’ सांगणारा इव्हेंट घडत नाही. त्यांचा सर्व्हर रेंगाळला की त्या इव्हेंटवर टांगलेलं आपलं सगळं कामही रेंगाळतं. ग्राहकाने ऑर्डर कधी द्यावी हे मोजणीच्या सर्व्हरने ठरवणं मला मान्य नाही. अशा ठिकाणी असिंक आणि रांग हाच मार्ग.

दर १०० मिलिसेकंदांनी डोकावून बघणं

शोधाशोध केली की पहिला उपाय हाच सापडतो: सेट-इंटर्व्हल (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा टायमर) लावा, दर १०० मिलिसेकंदांनी विंडोवर (पानभर चालणारी नावं जिथे असतात तो ऑब्जेक्ट) ते नाव आलंय का बघा, आलं की फंक्शन चालवा. एकच कॉल असेल तर चालून जातं. दोन झाले की क्रम उलटू शकतो, आणि तो कसा उलटतो हे घड्याळ लावून बघण्यासारखं आहे.

समजा पहिला कॉल ० मिलिसेकंदाला झाला. तो १००, २००, ३०० ला डोकावणार. दुसरा कॉल ५० ला झाला. तो १५०, २५०, ३५० ला डोकावणार. स्क्रिप्ट १२० ला पोचली. आता पुढची डोकावण्याची वेळ १५०, म्हणजे दुसऱ्या कॉलची. तो आधी चालला, आणि पहिला २०० ला, त्याच्या मागून. पहिला कॉल ‘खातं क्रमांक लाव’ असा आणि दुसरा ‘ऑर्डर झाली’ असा असेल, तर ऑर्डरची नोंद खात्याशिवाय गेली. स्क्रिप्ट १६० ला आली असती तर क्रम बरोबर राहिला असता. पुन्हा तेच, कधी बरोबर कधी चूक.

यात भर म्हणजे ग्राहक दुसऱ्या टॅबवर गेला की ब्राउझर मागच्या टॅबचे टायमर मंद करतो. क्रोममध्ये साधारणपणे सेकंदाला एकदा, आणि २०२१ मध्ये आलेल्या ८८ व्या आवृत्तीपासून, पान पाच मिनिटांहून जास्त झाकलेलं राहिलं तर असे साखळीने लावलेले टायमर मिनिटाला एकदाच. त्यामुळे मी हा उपाय दिसला की काढून टाकते.

रांग

एसटीत चढायच्या आधी खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसं आपण त्या नावावर आधीच रुमाल टाकायचा. खरं फंक्शन येण्याआधी त्याच नावाचं एक छोटं फंक्शन पानाच्या सुरुवातीलाच ठेवायचं. त्याचं काम एकच, आलेला कॉल जसाच्या तसा रांगेत ठेवणं. याला स्टब म्हणतात. कोडमधलं ‘आर्ग्युमेंट्स’ म्हणजे कॉलसोबत दिलेली सगळी माहिती.

विंडो.मोजणी = विंडो.मोजणी || फंक्शन () {
  (मोजणी.रांग = मोजणी.रांग || []).पुश(आर्ग्युमेंट्स);
};

बाकीचा सगळा कोड बिनधास्त ‘मोजणी(...)’ म्हणू शकतो. स्क्रिप्ट आली आहे की नाही हे त्याला विचारावंच लागत नाही. मधल्या वेळेत गोंधळ होईल का, अशीही काळजी नको. जावास्क्रिप्टमध्ये चालू असलेलं फंक्शन संपल्याशिवाय दुसरी स्क्रिप्ट मध्ये घुसत नाही. त्यामुळे आपण रांगेत कॉल टाकत असतानाच पलीकडून रांग रिकामी होऊ लागली, असं होत नाही.

ही पद्धत सर्वदूर पोचली ती गूगल अॅनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या सेवेमुळे. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी असिंक तुकडा आणला. त्यात ‘अंडरस्कोर-गॅक’ नावाचा साधा अॅरे (यादी) होता. आपण त्यात आज्ञा पुश करायच्या, म्हणजे शेवटी जोडायच्या. स्क्रिप्ट आली की ती त्या अॅरेतल्या आज्ञा चालवायची आणि त्या नावावर स्वतःचा ऑब्जेक्ट बसवायची. त्या ऑब्जेक्टलाही पुश होतं, पण ते साठवायचं नाही, लगेच चालवायचं. पुढच्या ‘जीए’ फंक्शनच्या तुकड्यात रांगेसोबत तुकडा चालला ती वेळही ठेवलेली असायची. आजच्या ‘जीटॅग’मध्ये पहिली आज्ञा ‘न्यू डेट’ घेऊन जाते ती त्याचसाठी. स्क्रिप्ट चार सेकंद उशिरा आली म्हणून घटना चार सेकंद उशिरा घडली, असं हिशेबात धरायला नको.

गूगलच्या जाहिरातींचा ‘गूगलटॅग’ वेगळी तऱ्हा वापरतो. तिथे ‘सीएमडी’ या अॅरेत आज्ञांऐवजी सबंध फंक्शनच पुश करायचं. स्क्रिप्ट आपलीच असेल किंवा रांगेची सोय आपल्यालाच करायची असेल, तर मला ही तऱ्हा जास्त आवडते. आत काय हवं ते लिहिता येतं, आणि एका आज्ञेचा निकाल दुसरीला देता येतो.

रांग लावली, तरी कॉल हरवतात

आता मुख्य भाग. खालचे सगळे बिघाड मी प्रत्यक्ष सोडवलेले आहेत, काही एकापेक्षा जास्त वेळा.

बटणाने जुना स्टब धरून ठेवला. ‘बटण.अॅड-इव्हेंट-लिसनर(क्लिक, मोजणी)’ असं लिहिलं, किंवा फाइलच्या सुरुवातीला ‘कॉन्स्ट नोंदव = विंडो.मोजणी’ असं केलं, की त्या क्षणी जे फंक्शन तिथे होतं तेच कायमचं धरलं गेलं. स्क्रिप्ट आली, विंडोवरचं नाव बदललं, रांग रिकामी झाली. बटणाकडे मात्र जुनाच स्टब आहे. तो इमानदारीने रांगेत टाकत राहतो, आणि त्या रांगेकडे आता कोणीही बघत नाही. एरर नाही, नोंदही नाही. फेसबुक पिक्सेल या फेसबुकच्या मोजणीच्या तुकड्यात यावर नेटकी तोड आहे: स्टब बदलायचाच नाही. त्यालाच विचारायला लावायचं, खरं चालवणारं फंक्शन आलंय का?

विंडो.मोजणी = विंडो.मोजणी || फंक्शन () {
  इफ (मोजणी.चालव) {
    रिटर्न मोजणी.चालव.अप्लाय(नल, आर्ग्युमेंट्स);
  }
  मोजणी.रांग.पुश(आर्ग्युमेंट्स);
};
मोजणी.रांग = मोजणी.रांग || [];

आता कोणी कधीही हे फंक्शन धरून ठेवलं तरी बिघडत नाही. स्वतःचा स्टब लिहिताना मी नेहमी हाच साचा घेते.

रांग फॉरईचने (अॅरेतल्या एकेका घटकावर तेच काम करणाऱ्या पद्धतीने) रिकामी केली. फॉरईच सुरू होताना अॅरेत जेवढे घटक असतात तेवढ्यांनाच भेट देतो. रांगेतल्या एखाद्या कॉलने चालता चालता नवा कॉल केला आणि तो रांगेच्या शेवटी लागला, तर फॉरईच त्याच्याकडे वळतच नाही. काही जण उलट करतात, आधी खरं फंक्शन जागेवर बसवतात आणि मग रांग चालवतात. तेव्हा तो नवा कॉल रांगेतल्या उरलेल्यांच्या पुढे घुसतो. दोन्ही टाळायचं तर असं लिहावं (‘खरी’ म्हणजे स्क्रिप्टसोबत आलेलं खरं फंक्शन):

व्हाइल (मोजणी.रांग.लेंग्थ) {
  ट्राय {
    खरी.अप्लाय(नल, मोजणी.रांग.शिफ्ट());
  } कॅच (चूक) {
    कन्सोल.एरर(चूक);
  }
}
मोजणी.चालव = खरी;

शेवटची ओळ शेवटीच हवी. ट्राय-कॅचही आतच हवा, कारण तिसऱ्या कॉलमध्ये एरर आला म्हणून चौथ्यापासूनचे सगळे अडकून पडले, हे मी पाहिलं आहे.

आर्ग्युमेंट्सच्या जागी अॅरे गेला. जीटॅगचा तुकडा बघून एखाद्याला वाटतं, ही जुनी पद्धत झाली, आपण तीन टिंबांचं नवं रूप वापरू. तो ‘डेटालेयर.पुश(आर्ग्युमेंट्स)’ (डेटालेयर म्हणजे जीटॅगची रांग) काढून तीन टिंबांनी गोळा केलेला अॅरे पुश करतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण जीटॅग आर्ग्युमेंट्स ऑब्जेक्ट ओळखून त्याला आज्ञा समजतो. साधा अॅरे त्याच्यासाठी आज्ञा नाही, म्हणून काहीच होत नाही. टाइपस्क्रिप्टच्या प्रकल्पांत हा बदल लिंटर (कोड लिहिण्याची पद्धत तपासणारं साधन) सुचवतो म्हणून केला जातो, आणि महिन्याभराने कोणीतरी विचारतं की आकडे का थांबले. अॅरो फंक्शनही इथे चालत नाही, कारण अॅरोला स्वतःचं आर्ग्युमेंट्स नसतं.

तुकडा दोनदा लागला. एकदा थीममध्ये, एकदा टॅग मॅनेजरमधून. ‘विंडो.मोजणी = विंडो.मोजणी ||’ मधल्या दोन उभ्या रेघा याचसाठी आहेत. कोणी त्या गाळून सरळ ‘विंडो.मोजणी = फंक्शन’ लिहिलं, तर दुसरा तुकडा आलेल्या खऱ्या फंक्शनवरच स्टब झाकतो. त्यानंतरचा एकही कॉल पोचत नाही.

नाव विंडोवर लागलंच नाही. तुकडा मॉड्यूलमध्ये किंवा बंडलरने (फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाने) गुंडाळलेल्या फाइलमध्ये टाकला आणि आत ‘व्हार डेटालेयर = डेटालेयर || []’ असं जुन्या चालीने लिहिलं, की ते त्या फाइलपुरतं स्थानिक नाव झालं. बाहेरून आलेली स्क्रिप्ट विंडोवर शोधते, तिथे काहीच नसतं. साध्या स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर लेट किंवा कॉन्स्टने ठेवलेलं नावही विंडोची प्रॉपर्टी होत नाही. म्हणून ‘विंडो.’ लावूनच लिहायचं, दरवेळी. गूगल मॅप्सचा ‘इनिटमॅप इज नॉट अ फंक्शन’ हा एररही बऱ्याचदा याच घरातला असतो. पत्त्यात कॉलबॅक (काम झाल्यावर हाक मारायचं फंक्शन) म्हणून इनिटमॅप दिलेलं असतं आणि फंक्शन मॉड्यूलच्या आत दडलेलं.

आयडीने नाव बळकावलं. हा बिघाड मला अर्धा दिवस पुरला होता. पानात एक डिव्ह (पानातली चौकट) होता, त्याची आयडी ‘चॅट’. खाली तुकडा: ‘विंडो.चॅट = विंडो.चॅट || []’. आणि एरर: ‘चॅट.पुश इज नॉट अ फंक्शन’. अॅरेला पुश नाही असं कसं होईल? कन्सोलमध्ये नुसतं ‘चॅट’ लिहून एंटर केलं, तर समोर तो डिव्ह आला. ब्राउझर आयडी असलेला घटक त्याच नावाने विंडोवर उपलब्ध करून देतो. त्यामुळे ‘आधीपासून काही आहे का’ या प्रश्नाला उत्तर ‘हो’ आलं आणि रिकामा अॅरे तयारच झाला नाही. दुसऱ्या पानावर हाच तुकडा हेडमध्ये, डिव्हच्या आधी होता, म्हणून तिथे सगळं ठीक. आयडी बदलून ‘चॅट-पेटी’ केली आणि प्रश्न संपला. नावं ठेवताना आता मी आयडी आणि ग्लोबल नावं ताडून बघते.

रिकाम्या टोपलीची ऑर्डर

यातला सगळ्यात महागडा बिघाड वेगळा सांगते, कारण त्यात रांग अगदी बरोबर होती.

एका आंबा बागायतदारांचं ऑर्डर घेण्याचं पान मी सांभाळते. हंगामात फोनवरून बऱ्याच ऑर्डर येतात. मोजणीच्या अहवालात काही ऑर्डर शून्य पेट्यांच्या आणि शून्य रुपयांच्या दिसू लागल्या. प्रत्यक्षात पैसे जमा होते, पेट्या पोचत होत्या, फक्त अहवाल चुकत होता. बागायतदार काका त्या अहवालावरून कोणत्या शहरात किती पेट्या पाठवायच्या हे ठरवत होते, त्यामुळे चूक साधी नव्हती.

कोड असा होता. ऑर्डर पक्की झाली की ‘मोजणी(खरेदी, टोपली)’ असा कॉल, आणि पुढच्याच ओळीत ‘टोपली.पेट्या.लेंग्थ = ०; टोपली.एकूण = ०’, म्हणजे पुढच्या ऑर्डरसाठी टोपली रिकामी. स्क्रिप्ट आधीच आलेली असेल तर मोजणी लगेच चालते, तेव्हा टोपली भरलेली असते, आकडे बरोबर जातात. स्क्रिप्ट यायची असेल तर रांगेत टोपलीची प्रत जात नाही, तीच टोपली जाते. चार सेकंदांनी रांग चालते तेव्हा ती कधीच रिकामी झालेली असते.

म्हणजे रांगेने कॉल जपला, पण कॉलच्या क्षणीची स्थिती जपली नाही. उपाय: रांगेत टाकताना प्रत काढा. मी कॉल करतानाच हवी ती माहिती वेगळी काढून देते, ‘{ पेट्या: टोपली.पेट्या.लेंग्थ, एकूण: टोपली.एकूण }’ अशी. आकडे आणि अक्षरं सरळ मूल्य म्हणून जातात, त्यांना धोका नाही. स्टबमध्येच सरसकट स्ट्रक्चर्डक्लोन (सबंध प्रत काढणारं फंक्शन) लावायचा मोह होतो, पण त्यात फंक्शन किंवा पानातला घटक आला की तो एरर देतो, आणि कॉलबॅक देणं ही तर या सेवांची नेहमीची रीत. म्हणून प्रत कॉलच्या जागीच, विचार करून काढावी.

याच जातीची आणखी एक चूक: क्लिकचा इव्हेंट ऑब्जेक्ट रांगेत टाकणं. रांग चालेपर्यंत त्याचं ‘करंट-टार्गेट’ नल झालेलं असतं आणि ‘प्रिव्हेंट-डिफॉल्ट’ला काही अर्थ उरलेला नसतो. हवं ते आधीच काढून घ्या.

जे रांगेत घालूच नये

ज्याचं उत्तर लगेच हवं आहे, ते साध्या रांगेत बसत नाही. स्टब काहीही परत देत नाही. ‘लेट दर = भावविचार(पिनकोड)’ असं लिहिलं तर दरात अनडिफाइन्ड येईल. इथे प्रॉमिस (पुढे मिळणाऱ्या निकालाची जागा धरणारा ऑब्जेक्ट) वापरा. स्क्रिप्ट आणणारं एक फंक्शन करा, ते पहिल्या वेळी टॅग तयार करून प्रॉमिस देतं आणि पुढच्या प्रत्येक वेळी तेच प्रॉमिस परत देतं, म्हणजे टॅग एकच राहतो. प्रॉमिसला ‘देन’ने जोडलेले कॉलबॅक जोडले त्याच क्रमाने चालतात, त्यामुळे रांग फुकटात मिळते. यात दोन जागा सांभाळा. स्क्रिप्ट फसली तर साठवलेलं प्रॉमिस पुसून टाका, नाहीतर पान बंद करेपर्यंत प्रत्येकाला तेच अपयश मिळत राहील. आणि पुन्हा प्रयत्न करताना टॅग नवा तयार करा, कारण एकदा फसलेला टॅग पत्ता बदलूनही पुन्हा फाइल आणत नाही.

ग्राहकाच्या बोटाशी बांधलेलं कामही रांगेत घालू नका. नवी खिडकी उघडणं हे त्याचं सरळ उदाहरण. क्लिकनंतर थोडेच सेकंद ब्राउझर ती परवानगी देतो. रांगेतून उशिरा चाललेला कॉल पॉपअप म्हणून अडवला जातो. अशा बटणाला स्क्रिप्ट येईपर्यंत निष्क्रिय ठेवा आणि शेजारी ‘थांबा, जोडतो आहोत’ असं स्पष्ट लिहा. खिडकी न उघडणाऱ्या बटणापेक्षा ते केव्हाही बरं.

स्क्रिप्ट आलीच नाही तर

ती कधीच येणार नाही, ही शक्यता नेहमीची आहे. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, सीएसपीच्या (स्क्रिप्ट कुठून आणता येईल ते ठरवणारं पानाचं सुरक्षाधोरण) नियमात न बसणारा पत्ता, कार्यालयाचा फायरवॉल. तेव्हा रांग पानाच्या आयुष्यभर वाढत राहते. मोजणीच्या बाबतीत ते चालून जातं, कमाल लांबी ठरवली की झालं. मी २०० पुढचे कॉल टाकून देते.

खरा घात होतो तो कॉलबॅकची वाट बघणाऱ्या कोडमध्ये. ‘आधी ऑर्डरची नोंद मोजणीत होऊ दे, तिचा कॉलबॅक आला की फॉर्म पाठव’ असं लिहिलेलं असतं. मोजणीची स्क्रिप्ट अडवलेली असेल तर कॉलबॅक येत नाही, फॉर्म जात नाही, ग्राहक बटण दाबत बसतो. अॅनालिटिक्सच्या मार्गदर्शनातही अशा ठिकाणी एका सेकंदाचा टाइमआउट लावायला सांगितलेलं होतं. एक सेकंद झाला की कॉलबॅक आलेला असो वा नसो, फॉर्म पाठवायचा. मात्र तो दोनदा जाणार नाही याची खूण ठेवायची.

टॅगच्या ऑनएरर (फाइल न आल्याची सूचना) आणि ऑनलोड (फाइल आल्याची सूचना) या दोघांपैकी ऑनएररवरच विसंबूनही चालत नाही. फाइल सापडली नाही किंवा नेटवर्क तुटलं तर ऑनएरर येतो, ते ठीक. पण हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वायफायने लॉगिनचं पान त्या पत्त्यावर परत दिलं, तर ब्राउझरच्या लेखी फाइल नीट आली. आत एचटीएमएल असल्यामुळे कन्सोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ दिसतं, आणि तरीही ऑनलोड येतो. स्क्रिप्ट चालता चालता मध्येच कोसळली तरी ऑनलोड येतोच. म्हणून ऑनलोडमध्ये रांग चालवण्याआधी हवं ते नाव विंडोवर खरंच आलंय आणि ते फंक्शनच आहे, हे ‘टाइपऑफ’ने तपासा. नसेल तर ते अपयशच समजा.

तपासायचं कसं

आपल्या वेगवान वायफायवर, कॅश भरलेली असताना, यातलं काहीही दिसणार नाही. मी दुरुस्तीनंतर चार फेऱ्या करते, ब्राउझरच्या डेव्हटूल्स या तपासणीच्या साधनांतल्या नेटवर्क टॅबमध्ये.

पहिली, कॅश बंद करून वेग थ्री-जीवर आणायचा आणि पान दिसताच बटण दाबायचं. रांगेतले कॉल स्क्रिप्ट आल्यावर त्याच क्रमाने गेले का, हे खालच्या विनंत्यांच्या यादीत बघायचं. दुसरी, कॅश चालू ठेवून नेहमीसारखं. इथे स्क्रिप्ट आपल्या आधी पोचते आणि ‘तुकड्याने खऱ्या फंक्शनवरच स्टब झाकला’ असले बिघाड उघडे पडतात. तिसरी, स्थानिक सर्व्हरवरून तीच फाइल मुद्दाम दहा सेकंद उशिरा द्यायची, आणि त्या दहा सेकंदांत टोपली भरायची, ऑर्डर द्यायची, टोपली रिकामी होऊ द्यायची. अहवालात पेट्यांचा आकडा बरोबर आला पाहिजे.

चौथीत त्या स्क्रिप्टच्या विनंतीवर उजवं क्लिक करून तिचा पत्ता अडवायचा, पान पुन्हा उघडायचं आणि ‘ऑर्डर पक्की करा’ दाबायचं. मोजणी जाणार नाही, जायची अपेक्षाही नाही. ऑर्डर मात्र एका सेकंदाच्या आसपास गेलीच पाहिजे, आणि एकदाच गेली पाहिजे.